नोकरी गेली, ईएसआय-पीएफचे पैसे हातात येईपर्यंतचे दोन महिने कसे काढायचे?

मोशीकर | २ सप्टेंबर २०२३, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. इथे तीन वर्षं नुसता वाचत आलोय, लिहायची वेळ आज आली.

भोसरीत एका मशीन शॉपमध्ये सीएनसी ऑपरेटर होतो. जानेवारी २०१७ पासून, कंपनीच्या रोलवर. परवा ३१ तारखेला शिफ्ट सुटताना आम्हा ३८ जणांना थांबवून सांगितलं, एक लाइन बंद होतेय, उद्यापासून येऊ नका. गेटपास तिथेच काढून घेतला. एचआरने छापील राजीनामा पुढे केला. सही केली तर एक महिन्याचा पगार जादा देऊ म्हणाले. हिशोब मात्र ४५ दिवसांनी. मी सोमवारपर्यंत वेळ मागून घेतलाय.

पगार १८,०००, त्यात बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) १२,५००. घरात आम्ही दोघं आणि दुसरीतली मुलगी. आई गावाला, परांडा तालुक्यात. आज खात्यात आणि घरात मिळून ११,४०० रुपये आहेत. भाडं ६,५००, गाडीचा हप्ता २,८५० (दर ५ तारखेला आपोआप कापला जातो), भिशी २,०००, आईच्या बीपीच्या गोळ्या, वर किराणा. बायको फॉल-पिको करते, त्यातून भाजीपाला सुटतो.

ईएसआयकडून (कामगार राज्य विमा) बेकारीचे पैसे मिळतात, पीएफही काढता येतो, असं ऐकलंय. पण कोणी म्हणतं महिन्याने, कोणी म्हणतं दोन महिन्यांनी. पैसे येतील यावर विश्वास ठेवला तरी तोपर्यंत चूल कशी पेटवायची? ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी सांगा. गणपती तोंडावर आलेत, आईला अजून काही कळवलेलं नाही.

---

गिरणगाव | ३ सप्टेंबर, सकाळी ६.१५

मोशीकर, आधी एकच सांगतो. राजीनाम्यावर सही करू नका.

तुम्हाला कंपनीने काढलंय, तुम्ही सोडलेलं नाही. कायद्यात याला कामगार कपात म्हणतात. वर्षभरात २४० दिवस भरलेल्या कामगाराला कपातीत काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार द्यावा लागतो. शिवाय पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि शेवटचे सहा महिन्यांहून जास्त असतील तर तेही वर्ष धरतात. तुमची ६ वर्षं ८ महिने, म्हणजे ७ धरा. वर्षाला अंदाजे ९,००० म्हटले तरी ६३,००० होतात, नोटीसपगार वेगळा. राजीनामा दिला की यातलं काहीही मागता येत नाही. १८ हजारांच्या बदल्यात ते ८० हजारांवर पाणी सोडायला सांगताहेत.

ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते, ती वेगळी. १२,५०० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ७, साधारण ५०,४८०. अर्ज द्या, पोच घ्या. ३० दिवसांत द्यायची असते.

आणि उरलेला पगार ४५ दिवसांनी? कामावरून काढलेल्या माणसाची मजुरी दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत द्यावी, असं कायदा सांगतो. हे लेखी मागा. तोंडी मागितलेलं कुठेच राहत नाही.

---

जमाखर्च | ३ सप्टेंबर, सकाळी १०.०५

गिरणगाव काकांना +१. मी पीएफ-ईएसआयची रिटर्न भरणाऱ्या कन्सल्टंटकडे काम करते, रोज हेच बघते. मोशीकरदादा, तारखा लिहून भिंतीवर लावा.

ईएसआयच्या योजनेचं नाव अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. २०१८ ला आली तेव्हा २५ टक्के मिळायचे आणि तीन महिने थांबावं लागायचं. कोरोनात ५० टक्के केले आणि ३० दिवसांनंतर अर्ज करता येऊ लागला. ९० दिवसांपर्यंत मिळतात, पण आयुष्यात एकदाच. नोकरी जाण्याआधी दोन वर्षं विमाधारक असायला हवं. लगतच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी हवी, आणि त्याआधीच्या तीनपैकी एका सहामाहीत ७८. तुमचं सगळं बसतं. गैरवर्तणुकीमुळे काढलेलं असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल तर मिळत नाही. म्हणून काय कागद हातात येतो त्याला महत्त्व आहे.

रक्कम शेवटच्या पगारावर ठरत नाही. मागच्या चार सहामाहींची सगळी कमाई घेऊन तिला ७३० ने भागतात आणि त्याच्या निम्मे रोजचे. १८,००० दोन्ही वर्षं धरले तर दिवसाला २९५ आणि काही पैसे, ९० दिवसांचे २६,६०० च्या आसपास. खाडे झाले असतील किंवा पगार मागाहून वाढला असेल तर आकडा खाली येईल, त्याची तयारी ठेवा.

आता पीएफ. २०२३ च्या नियमाने एक महिना बेकार राहिलात की ७५ टक्के, दोन महिन्यांनी उरलेले. हे कागदावर. खरी गोम अशी की नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर चढल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. ती कंपनीने भरायची असते. नाही भरली तर आपल्याला स्वतःला भरता येते, पण दोन महिने उलटल्यावरच. म्हणजे कंपनीने आळस केला की तुमचा एक महिना तिथेच दोनाचा होतो. उद्याच्या पत्रात ही मागणीही घाला.

तर १ ऑक्टोबरपर्यंत कुठूनच काही येणार नाही, आणि प्रत्यक्ष हातात पडायला दसरा उजाडेल असं धरून चाला.

---

खेडकर | ३ सप्टेंबर, दुपारी १.२०

वाचतोय. धीर धर भावा.

---

हिंजवडी_फेज२ | ३ सप्टेंबर, रात्री ९.३०

मी आयटीतला. जानेवारीत माझी गेली. पगार २१,००० च्या वर असल्याने ईएसआय नाही, त्यामुळे बेकारी भत्ता म्हणून एक रुपया नाही. घराचा हप्ता ३८,०००. पाच महिन्यांत जे शिकलो ते लिहितो.

देणी दोन प्रकारची असतात. एक, जी यंत्र कापून घेतं, आणि दुसरी, ज्यामागे माणूस असतो. यंत्राशी बोलता येत नाही. गाडीचा हप्ता परत गेला तर बँक दंड लावते, फायनान्सवाला वेगळा लावतो, वर सिबिल (कर्जफेडीची पत) खराब होतं. म्हणून परवाच्या ५ तारखेचे २,८५० खात्यात राहू द्या, त्याला हात लावू नका. पुढचा हप्ता चुकेल असं दिसलं तर तारखेच्या आधी फायनान्सच्या शाखेत जाऊन लेखी मुदत मागा. हप्ता परत गेल्यावर गेलात तर तुम्ही थकबाकीदार, आधी गेलात तर ग्राहक. मला बँकेने तीन महिने फक्त व्याज भरायची सवलत दिली, ती मी आधी गेलो म्हणून.

घरमालक मात्र माणूस आहे. डिपॉझिट किती दिलंय? दोन महिन्यांचं भाडं त्यातून वळतं करून घ्या म्हणून विचारा.

क्रेडिट कार्ड असेल तर कपाटात ठेवा. फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज चढतं. मी दोन महिने तेच केलं, आणि त्या ६० हजारांचं अजून फेडतोय.

---

खेडकर | ३ सप्टेंबर, रात्री १०.१०

हिंजवडी, कार्डाचं सांगितलंत म्हणून मीही सांगतो. मोबाइलवरच्या पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. गेल्या वर्षी चाकणला काम सुटल्यावर मी ८,००० मागितले. खात्यात ५,२०० आले, आणि सातव्या दिवशी ८,००० भरा म्हणाले. ते फेडायला दुसरं ॲप, दुसऱ्यासाठी तिसरं. ॲप घेताना फोनमधली सगळी नावं त्यांना दिसू दिली होती. माझ्या मेव्हण्याला, मुलीच्या शाळेतल्या बाईंना, सगळ्यांना फोन गेले. शेवटी बायकोचं गंठण गहाण टाकून मोकळा झालो. ते गंठण आधीच ठेवलं असतं तर निम्म्यात भागलं असतं, हे आजही टोचतं.

---

बचतगट_चिखली | ४ सप्टेंबर, सकाळी ११.००

सोनं मोडायचं नाही, ठेवायचं. मोडलं की घट धरतात, आणि नंतर तेवढंच घ्यायचं म्हटलं तर मजुरी वेगळी. सहकारी बँकेत किंवा सरकारी बँकेत ठेवा, २०२३ च्या नियमाने किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज देतात. गल्लीतल्या सावकाराकडे ठेवू नका. आणि बायकोला विचारून ठेवा. तिच्या अंगावरचं आहे ते.

भिशीबद्दल. बहुतेक लोक नोकरी गेली की भिशी बंद करायला धावतात. मोशीकरभाऊ, तुमचा नंबर निघालाय का? निघाला नसेल तर भिशी चालवणाऱ्याला खरं सांगा आणि या महिन्याचा उचल नंबर मागा. आमच्या गटात दोनदा असं केलंय, कोणी नाही म्हणालं नाही. अडचण लपवणाऱ्याला लोक बुडवा समजतात. सांगणाऱ्याला सांभाळून घेतात.

वहिनींच्या फॉल-पिकोचंही हलकं धरू नका. गौरी-गणपतीच्या साड्यांचं काम आत्ताच आहे. आमच्या गटाकडे १५-२० साड्या पडल्यात, वहिनींना मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा.

---

मोशीकर | ४ सप्टेंबर, रात्री १०.५०

सगळ्यांना उत्तरं एकत्र देतो.

सही केली नाही. काकांनी सांगितलं तसं पत्र दोन प्रतीत लिहिलं: उरलेला पगार, नोटीसपगार, कपातीची भरपाई, ग्रॅच्युइटी, पीएफला सोडल्याची तारीख. आवक-जावकच्या खिडकीवर पोच देईनात. मग तिथूनच पोस्टात गेलो आणि रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह टाकलं. त्या ३८ पैकी २१ जणांनी सही करून टाकली होती. गेटबाहेर चहाच्या टपरीवर आम्ही १७ जण उरलो.

डिपॉझिट २०,००० दिलंय. मालकांशी बोललो. ते स्वतः टेल्कोतून रिटायर झालेले. म्हणाले, दोन महिने भाड्याचं बघू नकोस. बायकोला गंठणाचं विचारलं, ती म्हणाली अगदी शेवटी. तेच ठरलं.

भिशी १० जणांची, नंबर अजून निघालेला नाही. उद्या बोलतो.

---

ज्ञानेश्वर_७७ | ५ सप्टेंबर, सकाळी ८.२५

मोशीकर, आजच्या आज आधार कार्ड आणि पीएफचं पोर्टल शेजारी शेजारी ठेवून नावाचं एकेक इंग्रजी अक्षर जुळवून बघा. माझं नाव ज्ञानेश्वर. आधारवर डी-एन-वाय ने सुरू होतं, कंपनीने पीएफला जी-वाय ने लिहिलेलं. दावा दोनदा नामंजूर. नाव बदलायला जॉइंट डिक्लेरेशन (कामगार आणि कंपनीचा एकत्र अर्ज) लागलं आणि त्याला कंपनीच्या मान्यतेची गरज होती, आणि कंपनीला तर टाळं. चार महिने गेले. जन्मतारीख, वडिलांचं नाव, बँक खात्यावरचं नाव, आधारला जोडलेला मोबाइल नंबर, सगळं बघा. चूक असेल तर कंपनीतला माणूस फोन उचलतोय तोवर दुरुस्त करून घ्या.

---

जमाखर्च | ५ सप्टेंबर, दुपारी २.४०

ज्ञानेश्वरदादा, लाख बोललात. आमच्याकडे अडकलेल्या दाव्यांत नावाच्याच भानगडी जास्त.

मोशीकरदादा, एक गोष्ट परवा राहिली. नोकरी गेली म्हणून ईएसआयचं कार्ड फेकू नका. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर तुम्हाला जुलै ते डिसेंबर औषधोपचार आहेत, आणि या एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जूनपर्यंत. आई तुमच्यावर अवलंबून असेल तर कुटुंबात तिचं नाव घाला. बीपीच्या गोळ्या ईएसआयच्या दवाखान्यातून मिळतील, काही लागलं तर चिंचवडला मोहननगरचं हॉस्पिटल आहे.

---

चाकण_चौक | ५ सप्टेंबर, संध्याकाळी ७.००

मला वाटतं पीएफ सगळाच काढून टाकावा, हप्ता-बिप्ता मिटवून मोकळं व्हावं. आपलाच पैसा आहे, अडीअडचणीसाठीच ठेवलाय.

---

जमाखर्च | ५ सप्टेंबर, रात्री ८.१५

आपलाच आहे, म्हणूनच सांगते. फॉर्म १९ आणि १० सी भरून सगळं उचललं की पेन्शनची सेवा शून्य होते. पेन्शनला १० वर्षं लागतात, मोशीकरांची पावणेसात झालीत. पुढच्या नोकरीत खातं जोडून घेतलं तर सव्वातीन वर्षांत हक्क तयार होतो. लागतील तेवढेच फॉर्म ३१ ने काढा. पाच वर्षांच्या वर सेवा आहे म्हणून कराची चिंता नाही. ज्यांची पाच भरली नाहीत त्यांनी ५०,००० च्या वर काढताना पॅन जोडलेलं आहे ना बघावं. कंपनीच बंद पडल्याने नोकरी गेली असेल तर पाचच्या आतही ती रक्कम करमुक्त असते, हे फार जणांना माहीत नसतं.

---

गिरणगाव | ६ सप्टेंबर, सकाळी ६.००

चाकण_चौक, तुमचं चूक नाही, देणं डोक्यावर असलं की झोप लागत नाही. पण मी ८२ चा गिरणी संप पाहिलाय. १८ जानेवारीला सुरू झाला तेव्हा मी मिलमध्ये बदली कामगार होतो. महिना-दोन महिन्यांत मिटेल म्हणून माणसांनी पहिल्या महिन्यातच होतं ते सगळं बाहेर काढलं. आमच्या चाळीत टिकले कोण, तर ज्यांच्या घरातल्या बाईने खानावळ चालवली आणि ज्यांनी गावाशी नातं तोडलं नव्हतं. माझी बायको १२ डबे करायची. देवगडहून भाऊ एसटीच्या टपावर तांदळाचं पोतं टाकायचा. त्या पोत्याचं तोंड शिवलेल्या सुतळीचा रंगसुद्धा मला आठवतो, निळी होती.

मोशीकर, आईला सांगा. गाव कशासाठी असतं?

---

मोशीकर | १७ सप्टेंबर, रात्री ९.२०

भिशीचा नंबर मिळाला, २०,००० हातात आले. बचतगटच्या ताईंकडून २६ साड्या आल्या. परवा गणपती बसतील, मूर्ती दरवर्षीपेक्षा लहान आणलीय, मुलीने तिलाच पसंत केली.

काका, आईला फोन केला. ती गप्पच झाली. मग एवढंच म्हणाली, "कार्डावर माझ्याबरोबर तुमची तिघांची नावं आहेत, ते धान्य कोण उचलतंय?" आम्ही मोशीला आल्यापासून आमच्या वाट्याचं धान्य उचललंच नव्हतं. इथल्या दुकानात चौकशी केली. अंगठा देऊन गावाकडच्या कार्डावरचं आपल्या वाट्याचं इथे मिळतं. माणशी ५ किलो, तिघांचे १५, आणि या वर्षी ते फुकट आहे. गहू घरी आणून ओतला तेव्हा डबा भरला आणि झाकण बसेना. बायको बराच वेळ तो डबा हलवून हलवून सपाट करत बसली होती. गावाकडून आईने रेशनवर सणासाठी मिळालेला आनंदाचा शिधाही पाठवला, रवा, डाळ, साखर, तेल.

सकाळी चिखलीच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये माल उतरवायला जातो. ५०० रोज, आठवड्यातून तीन-चार दिवस.

---

हिंजवडी_फेज२ | १७ सप्टेंबर, रात्री ११.००

वाचून बरं वाटलं. वहिनींना नमस्कार सांगा.

---

मोशीकर | २८ ऑक्टोबर, दुपारी ४.१०

उशिरा लिहितोय, माफी. मागून येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तारखांसकट टाकतो.

३ ऑक्टोबरला ईएसआयचा ऑनलाइन अर्ज भरला. त्याची प्रत, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स घेऊन शाखेत गेलो. पासबुकाची जुनी झेरॉक्स दिली होती, त्यावर आयएफएससी जुना होता. काउंटरवरच्या बाईंनी तिथेच धरलं आणि बाहेरून नवीन काढून आणायला लावली. तसाच गेला असता तर पैसे परत गेले असते. २५ तारखेला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, खात्यात ८,४१२ आले. पहिल्या ३० दिवसांचे. पगारवाढ याच एप्रिलमधली, म्हणून जमाखर्चताईंनी सांगितल्यासारखीच सरासरी खाली आली.

कंपनीने पीएफची तारीख ९ ऑक्टोबरला भरली, तीही दुसरं पत्र गेल्यावर. ३०,००० काढले, बाकी १,०४,००० तसेच ठेवले. पैसे १४ दिवसांत आले. उरलेला पगार मिळाला. नोटीसपगार, भरपाई आणि ग्रॅच्युइटी मिळालेली नाही. आम्ही १७ जणांनी मिळून कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दिलाय, ग्रॅच्युइटीचा वेगळा. पहिली तारीख दिवाळीनंतरची.

सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा गाडीचा हप्ता चुकला नाही. गंठण घरात आहे.

---

बचतगट_चिखली | २८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.३०

दिवाळीच्या चकलीची भाजणी आम्ही करतोय, वहिनी येताहेत सोमवारपासून.

---

पिंपळे_गुरव | ११ डिसेंबर, रात्री १०.३५

धागा वर काढतोय. आमच्या कंपनीत आज गेटवर ६० जणांची यादी लागली, माझंही नाव आहे. मी कंत्राटी, पाच वर्षांत तीन ठेकेदार बदलले. उद्या हिशोबाला बोलावलंय आणि येताना ओळखपत्र घेऊन या म्हणालेत. काय करू?

---

मोशीकर | ११ डिसेंबर, रात्री १०.५०

भाऊ, कोऱ्या किंवा छापील, कुठल्याच कागदावर उद्या सही करू नका. ओळखपत्र देण्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. पगारपावत्या असतील तेवढ्या आज रात्रीच गोळा करा, हजेरीकार्डाचे फोटो असतील तर तेही. तीन ठेकेदार म्हणजे पीएफचे तीन वेगळे खाते क्रमांक असतील, ते एकाच यूएएनखाली (पीएफचा कायमचा नंबर) आहेत का बघा. मधल्या ठेकेदाराने तारीख भरली नसेल तर तिथेच अडकाल. ईएसआयचा नंबर मात्र तोच राहायला हवा. प्रत्येकाने नवा काढला असेल तर मागची वर्गणी दिसणार नाही, ते शाखेत जाऊन आधी जोडून घ्या.

मला ४ तारखेपासून म्हाळुंग्याला काम लागलंय, १६,५०० वर. पहिली शिफ्ट असते, साडेतीनला सुटतो. पिंपळे गुरवला साडेचारपर्यंत पोचेन. हिशोबाला किती वाजता बोलावलंय ते व्यनि करा. त्यांच्याकडे साडेचारनंतरची वेळ मागता आली तर मागा, मी गेटबाहेर थांबतो.